तेवीस दारं

डाबरे सिस्टर गेल्या त्या दिवशी दादरच्या चर्चबाहेर जो तो म्हणत होता, "देवमाणूस होत्या." मी गप्प उभी होते. देवमाणसाच्या हाताखाली अकरा वर्षं काम करून बघा म्हणावं, मग बोला. भर उन्हात चार मजले चढून एक दार बंद सापडलं, तर संध्याकाळी तेच चार मजले पुन्हा चढायला लावणाऱ्या बाईला आम्ही आमच्यात काय म्हणायचो ते मला विचारा. आणि माझं तर त्याहून वेगळं होतं. शेवटच्या भेटीपर्यंत अडीच वर्षं मी त्यांच्यावर मनातून रुसून होते. वेळ आली असती तर या बाईने माझं नाव सांगून टाकलं असतं, अशी माझी खात्री होती. ती वेळ किती जवळ आली आणि पुढे काय झालं, तेच सांगते.

आधी मी कोण ते. मी माया, लालबागची. चाळीतच जन्मले, दोन चाळी सोडून सासरी गेले आणि तिशी ओलांडली तोच विधवा झाले. पदरात सात वर्षांची मुलगी. तेव्हा हेल्थ पोस्टमध्ये, म्हणजे महापालिकेच्या छोट्या दवाखान्यात, आरोग्यसेविकेचं काम मिळालं. घरोघर जायचं, कोण गरोदर, कुणाचं मूल लशीचं, कुणाचा खोकला थांबत नाही, हे टिपून आणायचं. कागदावर आम्ही स्वयंसेविका. म्हणजे काम नोकरीइतकं आणि नोकरी मात्र नाही. एखादी तक्रार गेली की "उद्यापासून येऊ नका" एवढ्यावर आटोपतं. हे काम सुटलं असतं तर माझ्या घरात दुसरा आधार नव्हता. एवढं लक्षात ठेवलंत तर मी पुढे जशी वागले तशी का वागले ते समजेल. बरोबर वागले असं मी म्हणत नाही.

रेजिना डाबरे आमच्या हेल्थ पोस्टच्या पब्लिक हेल्थ नर्स. मूळच्या वसईकडच्या. त्यांचे वडील पहाटे भाजीच्या पाट्या घेऊन दादरच्या मार्केटात यायचे आणि जाताना पोरीसाठी जुनी पुस्तकं न्यायचे. नर्सिंग करून त्या महापालिकेत लागल्या त्या लागल्याच. लग्न केलं नाही. दादरला चर्चच्या मागच्या गल्लीत भाचीबरोबर राहायच्या. रोज सकाळी मिस्सा, मग पायात कॅनव्हासचे बूट, एप्रनच्या खिशात जपमाळ, आणि साडेआठला ड्यूटीवर हजर. लशींचा फ्रीज उघडण्याआधी छातीवर क्रूसाची खूण करायच्या. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी विचारलं, "सिस्टर, फ्रीज बिघडलाय का?"

"फ्रीज ठीक आहे. माझं लक्ष ठिकाणावर राहावं म्हणून करते," त्या म्हणाल्या. पुढे मलाही सवय झाली. त्यांनी खूण केली नाही तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

आम्ही बौद्ध. आमच्याकडे देवाला साकडं घालायची पद्धत नाही, आणि सिस्टरना दिवसातून दहा वेळा देव लागायचा. यावरून आमची थट्टा चालायची, भांडण कधी झालं नाही. सहा डिसेंबरला शिवाजी पार्कवर गावोगावची माणसं येतात, तिथल्या वैद्यकीय मंडपात त्या दरवर्षी ड्यूटी मागून घ्यायच्या. चालून चालून पायाला आलेले फोड धुवायचं काम कुणाला नको असायचं, ते त्या स्टुलावर बसून करायच्या. एकदा एका म्हाताऱ्याने विचारलं, "बाई, तुम्ही आपल्यातल्या का?" तर म्हणाल्या, "बाबा, पाय इकडे करा आधी."

पण या बाईचा एक ताप होता. त्यांना खोटं चालायचं नाही. अगदी कागदावरचंही नाही. पोलिओच्या वेळी सगळीकडचे आकडे कसे छान फुगून यायचे, आमचा मात्र हडकुळा. बंद घर म्हणजे बंद घर. "मूल गावी गेलंय" असं शेजारणीने सांगितलं, तर शेजारणीने सांगितलं असंच लिहायचं. वॉर्डच्या मीटिंगमध्ये दर वेळी बोलणी खायच्या आणि येऊन आम्हाला सांगायच्या, "आज पुन्हा शेवटचा नंबर. चला, चहा करा." मला तेव्हा वाटायचं, हे सोवळं पेन्शनवाल्यांना परवडतं. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

त्या वर्षी मुंबईत गोवराची साथ येऊन गेली होती, त्यामुळे लसीकरणावर वरून बारीक नजर होती. फेब्रुवारी महिना. सिस्टर मे अखेर निवृत्त होणार होत्या. आमच्यातल्या काही आरोग्यसेविकांना कमी करणार अशी हवा होती, आणि माझ्या मुलीची बारावीची परीक्षा नुकतीच सुरू झाली होती.

आता लशीच्या डब्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. वस्तीत लसीकरण असलं की बाटल्या एका निळ्या डब्यातून न्यायच्या. चारही बाजूंनी बर्फाचे चपटे पॅक, मध्ये बाटल्या. लोकांना वाटतं, जेवढं गार तेवढं चांगलं. तसं नसतं. बाळांना जी पाच रोगांची एकत्र लस देतात ती गोठली की संपली. बाहेरून तशीच दिसते, टोचताही येते, पण अंगात काम करत नाही, वर टोचल्या जागी गाठ येऊ शकते. म्हणून फ्रीजरमधले पॅक आधी टेबलावर काढून ठेवायचे. तासाभरात त्यांना घाम फुटतो. मग प्रत्येक पॅक कानाशी धरून नारळासारखा हलवायचा. आत पाणी खुळखुळलं तरच डब्यात. हे काम सिस्टर स्वतः करायच्या. अकरा वर्षांत एकदाही दुसऱ्यावर सोडलं नव्हतं.

तो बुधवार त्यांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस होता, राखेचा बुधवार. त्या दिवशी चर्चमध्ये फादर कपाळाला राख लावतात. दरवर्षी त्या संध्याकाळच्या मिस्सेला जायच्या. त्या वर्षी संध्याकाळी वॉर्डात मीटिंग लावलेली, म्हणून सकाळीच जाऊन यायचं ठरवलं. मंगळवारी जाताना मला म्हणाल्या, "माया, उद्या आठला येऊन पॅक बाहेर काढ. मी नऊला पोचते."

मी आठला पोचले नाही. मुलीचा दुसरा पेपर. घरातून निघताना तिचं हॉलतिकीट सापडेना. सगळी खोली उलटीपालटी केली, तिला रडवलं, स्वतः रडले, शेवटी ते सापडलं कालच्या ड्रेसच्या खिशात. मी हेल्थ पोस्टवर पोचले तेव्हा नऊला दहा कमी होते. पॅक फ्रीजरमध्ये दगड होऊन पडलेले. मी ते काढले आणि तसेच डब्यात लावले. मनात म्हटलं, पोचेपर्यंत वितळतील. मध्ये बाटल्या ठेवल्या आणि झाकण लावलं.

तेवढ्यात सिस्टर आल्या. कपाळावर राखेचा क्रूस, धावत आल्यामुळे घामाने थोडा पसरलेला. उपवासाचा दिवस, पोटात काही नाही. लालबागहून फोनवर फोन चालले होते, बायका मुलं घेऊन बसल्यात, कधी येताय. त्यांनी रजिस्टर उघडलं. "पॅक ऐकलेस?"

"हो," मी म्हणाले.

"चारही?"

"चारही."

त्यांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि सही केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी झाकण उघडून बघितलं नाही.

लसीकरण चाळीखालच्या मंडळाच्या ऑफिसात होतं. तेवीस बाळं आली होती. सगळं नेहमीसारखं, रडारड, आयांच्या गप्पा, कोणीतरी विचारलंच की सिस्टर कपाळाला काय लागलंय. साडेअकराच्या सुमाराला शेवटच्या दोन बाळांसाठी त्यांनी नवी बाटली काढायला डबा उघडला आणि पॅकला हात लावला. हात तसाच राहिला. मी समोरच होते. त्यांनी पॅक उचलून कानाशी नेला, हलवला, खाली ठेवला. त्या दोन बाळांना मात्र त्यांनी टोचलं नाही. "उद्या हेल्थ पोस्टवर या," असं त्यांच्या आयांना सांगितलं आणि डबा बंद केला.

येताना रस्त्याने त्या पुढे, मी मागे. भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला त्या थांबल्या तेव्हा मी विचारलं, "सिस्टर, काही झालंय का?" "उद्या कळेल," म्हणाल्या.

उद्या कळण्याची रीत अशी. त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम फ्रीजरमध्ये गोठवायची. सकाळी ती वितळवायची. मग ती एका हातात, संशयाची बाटली दुसऱ्या हातात, दोन्ही जोरात हलवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि अर्धा तास बघत बसायचं. चांगली लस गढूळच राहते. गोठलेली असली तर दह्याच्या कणीसारखं खाली बसतं आणि वर निवळ पाणी.

गुरुवारी सकाळी आम्ही दोघीच होतो. टेबलावर दोन बाटल्या, भिंतीवर घड्याळ. सिस्टरनी जपमाळ काढली नव्हती, हे माझ्या लक्षात आलं. नुसत्या बघत होत्या. पाच मिनिटांत मुद्दाम गोठवलेल्या बाटलीच्या तळाशी पांढरं जमायला लागलं. दुसरीकडे बघवेना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला दर मिनिटाला वाटत होतं की दुसरीतही दिसतंय, मग वाटायचं, नाही, नाही दिसत. आमच्यात देवाला हाक मारायचीही सोय नव्हती. बारा मिनिटं झाली. दुसऱ्या बाटलीच्या तळाशी बारीक रेघ दिसली. विसाव्या मिनिटाला दोन्ही बाटल्या जुळ्या बहिणी झाल्या होत्या.

"तू ऐकले होतेस?" सिस्टरनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही." मग सगळं एका दमात बाहेर पडलं. हॉलतिकीट, उशीर, दगड झालेले पॅक. "मी खोटं बोलले, सिस्टर."

"आणि मी न बघता सही केली," त्या म्हणाल्या. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी ओरडा खायला तयार होते, त्या शांतपणाला नव्हते.

डॉक्टर शंतनु आमचे मेडिकल ऑफिसर. तरुण, सरळ माणूस, पण वरच्यांना टरकून. त्यांनी दोन्ही बाटल्या बघितल्या आणि केबिनचं दार लावून घेतलं.

"सिस्टर, तुमचे तीन महिने राहिलेत. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एक शेरा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या महिन्यात ही मुलं दुसऱ्या डोसला येतीलच. शेवटी सगळ्यांना एकेक डोस जास्त देऊ. कोण विचारणार आहे?"

खरं सांगते, मला तो उपाय देवदूताने सांगितल्यासारखा वाटला. मुलांचं नुकसान नाही, कुणाचं नाव नाही. मी सिस्टरकडे आशेने बघितलं.

"महिनाभर त्या आयांना वाटणार, आपलं बाळ सुरक्षित आहे," सिस्टर म्हणाल्या. "डांग्या खोकला झाला तर त्या म्हणतील, लस दिलीय, साधी सर्दी असेल. उशीर करतील. दीड महिन्याच्या पोराला उशीर परवडत नाही, डॉक्टर. मी आज जाऊन सांगते. सोमवारी सगळ्यांना पुन्हा देऊ. रिपोर्ट तुम्ही पाठवा, नाहीतर मी पाठवते."

"लोक मारतील तुम्हाला."

"बघू."

बाहेर आल्यावर मी त्यांचा रस्ताच अडवला. "माझं नाव सांगणार?"

"मी आपणहून कुणाचं नाव घेणार नाही. काय झालं ते सांगायचंय, कुणी केलं ते नाही."

"आणि कुणी विचारलं तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विचारलं तर खोटं बोलणार नाही." मग म्हणाल्या, "रजिस्टर घे. तुला घरं माहीत आहेत."

मला काय वाटलं असेल! सुळावर जायचंय, वर सूळ खांद्यावर घेऊन चालायचं. येत नाही म्हटलं असतं तर बोभाटा आधीच झाला असता. रजिस्टर काखोटीला मारून निघाले.

तेवीसमधली एकवीस घरं, टोचलेली. आणि त्या दोघी, ज्यांना परत पाठवलं होतं, त्यांनाही खरं कारण सांगायचं म्हणून तीही दोन. तेवीसच्या तेवीस दारं. प्रत्येक दारात सिस्टर एकच बोलायच्या, बूट काढून, उभ्यानेच. "बुधवारी तुमच्या बाळाला दिलेली लस खराब झाली होती. आमच्या हातून. बर्फ जास्त लागला. बाळाला त्यातून मोठा धोका नाही, गाठ आली तर मला लगेच सांगा. पण ती लस धरायची नाही. सोमवारी पुन्हा घ्यावी लागेल. माफ करा." आणि मग गप्प राहायच्या, समोरची बाई काय विचारते ते ऐकायला. तिने तोंड उघडलं की मी रजिस्टरमध्ये पुढचं घर शोधायला लागायचे.

कोणी विचारलं, ताप येईल का. कोणी विचारलं, पुन्हा टोचायचं म्हणजे पुन्हा रडणार का. एका बाईने रडायलाच सुरुवात केली. एकीचा नवरा म्हणाला, "सरकारी कामच असलं," आणि दार आपटलं. एका आजीने उलट चहा विचारला. सिस्टरनी पाणीसुद्धा घेतलं नाही. एका घरात बाळाचा मामा मोबाईल काढून शूटिंग करायला लागला आणि म्हणाला, "परत बोला, चूक कुणाची?" सिस्टर म्हणाल्या, "हेल्थ पोस्टची. मी तिथली नर्स आहे. रेजिना डाबरे." त्याने ते शूट केलं आणि एवढ्यावर थांबला. उत्तर खोटं नव्हतं आणि पुरतंही नव्हतं. मी जिन्यात येऊन कठड्याला धरून उभी राहिले. मला त्यांचे आभार मानावेसे वाटले नाहीत. उलट वाटलं, ही बाई शब्द मोजून बोलतेय, आणि एखाद्या दारात ते संपणार.

गुरुवारी चौदा झाली. शुक्रवारी आठ. बाविसावं दार बंद झालं तेव्हा पाच वाजले होते. उरलं एक. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण ते माझ्या माहेरच्या चाळीतलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर अपेक्षा राहायची, तिचं पहिलं बाळ, अडीच महिन्यांचं. तिची सासू म्हणजे कालिंदीकाकू. मालवणकडच्या. मला लहानपणी अंघोळ घातलेली बाई, आणि जिच्या तोंडाला अख्खी चाळ भिते तीही तीच. जिना चढताना सिस्टर दुसऱ्या मजल्यावर थांबल्या. मला वाटलं, दम लागला. दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. त्यांनी खिशात हात घातला, जपमाळ मुठीत धरली असावी, आणि काही वेळ तशाच उभ्या राहिल्या. "चला," म्हणाल्या.

वर पोचायच्या आधीच रडणं ऐकू आलं. गॅलरीत बायका जमल्या होत्या. अपेक्षा बाळाला घेऊन उंबऱ्यात बसली होती. बाळाच्या मांडीवर लिंबाएवढी लाल गाठ. बातमी आमच्या आधी पोचली होती, लालबागमध्ये बातमीला जिना चढावा लागत नाही.

सिस्टर आधी बाळापाशी बसल्या. गाठीला हात लावून बघितला, ताप बघितला. "आत पू नाही. उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवू, मी स्वतः येते." मग उठून, जे बावीस दारांत बोलल्या ते बोलल्या.

कालिंदीकाकू पुढे आल्या. "बाई, माफी नंतर. डबो कोणी भरल्यान?"

"रजिस्टरवर सही माझी आहे, काकू."

"माका सही नको. हात कोणाचो होतो ता सांग. माझ्या नातवाच्या मांडीक गाठ इली हा, ती काय सहीन इली?"

मागून एक पुरुषाचा आवाज आला, "हां, नाव सांगा ना!" आणखी दोघेतिघे पुढे सरकले. एकाने सिस्टरच्या वाटेत हात आडवा धरला. आता विचारलं होतं. सरळ, नाव मागून, सगळ्यांसमोर. मी सिस्टरच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. त्यांनी श्वास घेतला. मला अजून आठवतं, नळावर कुणाची तरी बादली भरून वाहत होती आणि कोणी बंद करत नव्हतं.

"मी," मी म्हणाले. "काकू, मी भरला."

ते मी धैर्याने बोलले असं कोणी समजू नये. त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकायचं मला सहन झालं नसतं, म्हणून बोलले. त्यांनी सांगण्याआधी आपणच सांगावं, निदान तेवढी तरी अब्रू राहील. रागाने बोलले.

कालिंदीकाकूंनी माझ्या थोबाडीत मारली. जोरात. मग माझ्याकडे बघत राहिल्या. "तू? माया, तू गो?" एवढंच म्हणाल्या आणि नातवाला घेऊन आत गेल्या. कोणीतरी हसलं, कोणीतरी "जाऊ द्या" म्हणालं. मी जिना उतरले तो धड आठवत नाही. सिस्टर मागून हाका मारत होत्या, मी थांबले नाही.

सोमवारी तेवीसही बाळं आली. अपेक्षाचंही आलं. त्याची गाठ तीन आठवड्यांत विरली, सिस्टर रोज बघून यायच्या. रिपोर्ट वर गेला, चौकशी झाली. सिस्टरना निवृत्तीच्या तोंडावर लेखी ताकीद मिळाली. मला सहा महिने लसीकरणातून काढून डासांच्या अळ्या शोधायच्या कामावर टाकलं, पण काढून टाकलं नाही. सिस्टरनी जबाबात काय लिहिलं ते मला डॉक्टरांनी पुढे सांगितलं. "माया एकदा खोटं बोलली आणि मग शंभर माणसांत खरं बोलली. मी मात्र सही करण्याआधी एकही पॅक बघितला नाही." मला वाचवायला लिहिलं असेल. तरी माझा राग गेला नाही. दर वेळी गॅलरीतला तो श्वास आठवायचा. त्या बोलणार होत्या. माझं नाव त्यांच्या ओठांवर आलेलं मी बघितलं होतं. त्यांच्या निरोप समारंभाला मी मागच्या खुर्चीवर बसून बटाटवडा खाल्ला आणि न भेटता निघाले.

मग अडीच वर्षांनी त्यांच्या भाचीचा फोन आला. यकृताचा कॅन्सर, हॉस्पिटलमधून घरी आणलंय, तुमची आठवण काढतेय. मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी गेले.

त्या खिडकीजवळच्या कॉटवर होत्या. एवढ्याशा झाल्या होत्या. डोळे पिवळे, पण नजर तीच, मीटिंगला जाण्याआधी रजिस्टर तपासणारी. मुलीचं विचारलं, ती आता नोकरीला लागलीय म्हटलं. कालिंदीकाकूंचं विचारलं, त्या आता माझ्याशी बोलतात म्हटलं. मी आले होते ते एकच विचारायला, आणि मरणाच्या दारातल्या माणसाला असलं विचारायचं नसतं, हे मला कळत होतं. तरी विचारलं.

"सिस्टर, त्या दिवशी मी बोलले नसते तर तुम्ही काय सांगितलं असतंत?"

"डबा मी भरला, असं सांगितलं असतं."

मला वाटलं, औषधांनी भ्रम झालाय. "तुम्ही? खोटं?"

"दुसऱ्या मजल्यावर थांबले होते बघ. तिथे ठरवलं. वर ती बाई असणार, ती विचारणार, हे माहीत होतं." मग म्हणाल्या, "शनिवारी जाऊन कुमसार केलं."

कुमसार म्हणजे फादरांपुढे पाप सांगणं, एवढं मला त्यांच्याबरोबर राहून ठाऊक होतं. "कसलं कुमसार? बोललात कुठे तुम्ही? मी आधी बोलले. तुमचं पाप झालंच नाही."

"ठरवलं होतं ना. ठरवलं की झालं."

"मग? फादर काय म्हणाले?"

"तीन वेळा नमो मारिया म्हणायला सांगितलं. म्हटलं मी. पण नुसतं म्हणून भागत नाही, माया. पश्चात्ताप व्हावा लागतो. छत्तीस वर्षांत एक खोटी ओळ लिहिली नाही, त्याचा गर्व होता मला, तोही सांगून झाला. बाकी सगळ्याचा पश्चात्ताप झाला. न बघता सही केली त्याचा तर रोज होतो. याचा होत नाही. परवा फादर मरणाआधीचं शेवटचं तेल लावायला आले होते, तेव्हाही प्रयत्न केला." त्यांनी माझा हात धरला. "नाहीच होत."

मी अडीच वर्षं वाया घालवली होती. मला रडू आलं, आणि रडता रडता त्यांच्यावर इतका राग आला, की हात सोडवून घेऊन मी ओरडलेच, "मग हे मला तेव्हाच सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" भाची आतून धावत आली. सिस्टरनी तिला हाताने परत जायला सांगितलं आणि मला कॉटवर सरकून जागा करून दिली.